ग्वेन स्टेसीला नक्की कोणी मारलं?

रद्दीतला राजा

मान मोडल्याचा आवाज मराठीत कसा लिहायचा? 'कट्' लिहिलं तर पेन्सिलचं टोक तुटल्यासारखं वाटतं, 'कडाड्' लिहिलं तर वीज पडते. इंग्रजीत त्याला 'स्नॅप' म्हणतात. १९७३ साली एका कॉमिकमध्ये हा शब्द एका मुलीच्या मानेजवळ छापला गेला, तोही इतक्या बारीक अक्षरांत की पहिल्या वाचनात माझ्या नजरेतून सुटलाच. दुसऱ्यांदा दिसला आणि मी पान उलटायचं थांबलो. आजचा धागा त्या एका शब्दासाठी.

अंक म्हणजे 'अमेझिंग स्पायडर-मॅन'चे १२१ आणि १२२, जून-जुलै १९७३. लेखक जेरी कॉनवे, तेव्हा जेमतेम विशीतला पोरगा. चित्रं गिल केनची, त्यावर शाई जॉन रोमिटा आणि टोनी मॉर्टेलारो यांची. माझी प्रत फाउंटनच्या फूटपाथवरून घेतलेलं एक पुनर्मुद्रण, कव्हर फाटून गेलेलं. ते बरंच झालं म्हणायचं, कारण मूळ कव्हरवर पीटर पार्करच्या, म्हणजे मुखवट्याआडच्या स्पायडरमॅनच्या, गोतावळ्याचे सगळे चेहरे ओळीने मांडलेत आणि स्पायडरमॅन ओरडतोय की यातलं कोणीतरी मरणार. कथेचं नाव मात्र पहिल्या पानावर नाहीच. ते शेवटच्या पानावर येतं, ग्वेन मेल्यावर : 'ज्या रात्री ग्वेन स्टेसी मेली'. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी आपला नेहमीची मारामारी वाचायला बसलो होतो.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ग्वेन ही पीटरची कॉलेजातली मैत्रीण, १९६५ पासून कथेत असलेली. तिचे वडील कॅप्टन स्टेसी ९०व्या अंकात ढिगाऱ्याखाली एका पोराला वाचवताना गेले, आणि त्याचा ठपका ती स्पायडरमॅनवर ठेवते; म्हणजे ज्याच्यावर प्रेम त्याच्यावरच, नकळत. पीटरचा मित्र हॅरी ऑस्बॉर्न नशेपायी अंथरुणाला खिळलाय. त्याचा बाप नॉर्मन धंद्यातल्या तोट्याने आणि पोराच्या काळजीने पुन्हा वेडा होतो, ग्रीन गॉब्लिन होतो, आणि ग्वेनला उचलून पुलाच्या मनोऱ्यावर नेऊन ठेवतो. पीटरला त्या दिवशी सर्दीतापाने बेजार केलंय. नायकाला ऐन लढाईच्या दिवशी ताप आणणं ही कॉनवेची करामत मला फार आवडते.

गॉब्लिन तिला खाली ढकलतो. स्पायडरमॅन वरून जाळं सोडतो, ते तिच्या पायाला चिकटतं, ती पाण्याच्या वरच थांबते. तो स्वतःवर खूश होऊन तिला वर ओढतो, तिच्याशी बोलत बोलत. ती बोलत नाही.

गॉब्लिन म्हणतो, वेड्या, इतक्या उंचीवरून पडणारा माणूस खाली पोचायच्या आधीच मरतो. पुष्कळ वर्षं लोकांनी हेच खरं धरलं. पण तो बारीक 'स्नॅप' गॉब्लिनच्या बोलण्यात बसत नाही. तो जाळं ताणलं गेलं त्या क्षणाचा आवाज आहे. कॉनवेने नंतर सांगितलंय की चित्रं हातात आल्यावर संवाद लिहिताना तो शब्द त्याने घातला. मार्व्हलची तेव्हाची रीतच तशी होती, आधी चित्रं, मग शब्द. वाचकांची पत्रं आली तेव्हा १२५व्या अंकात संपादकांनी कबूल केलं की झटक्यानेच तिचा जीव गेला, आणि काही केलं नसतं तरी ती मेलीच असती.

माझं म्हणणं एवढंच आहे. या कथेला 'नायकाची प्रेयसी मेली' म्हणून जे वजन दिलं जातं ते चुकीच्या जागी आहे. प्रेयस्या आधीही मरत होत्या. इथे ज्या हाताने, ज्या कौशल्याने त्याने शंभर माणसं वाचवली त्याच हाताने हे झालं. आणि त्याला ते कळलंय की नाही हेही त्या अंकात कोणी सांगत नाही. अपघाताचा पुरावा फक्त वाचकाकडे.

पुढचा अंकही वाचा. पीटर गॉब्लिनला जिवे मारायला निघतो, ऐनवेळी हात आवरतो, आणि गॉब्लिन स्वतःच्याच उडत्या यंत्राने भोसकला जाऊन मरतो. सूड मिळूनही पदरात काही पडत नाही. मग शेवटी मेरी जेन, त्याच गोतावळ्यातली मैत्रीण. तोवर ती नुसती पार्ट्या आणि खिदळणं. ती पीटरच्या खोलीवर येते, तो तिला टाकून बोलतो : तुला आपल्या आईच्या मरणाचंही काही वाटणार नाही, चालती हो. ती दाराशी जाते. उभी राहते. दार लावून घेते, पण आतून. पहिल्या अंकातला आवाज मानेचा आणि दुसऱ्यातला दाराचा. माझ्या मते हे दोन अंक या दोन आवाजांसाठीच लिहिलेत.

इतिहासकार या अंकांपाशी कॉमिक्सचं 'रुपेरी युग' संपलं असं मानतात, काही जण वेगळी तारीख देतात, त्या वादात मला रस नाही. जाणकारांनी भर घालावी.


सांडगी मिरची

मस्त लिहिलंय राजे. आमची पिढी इंद्रजाल कॉमिक्सवाली. आमच्या वेताळाने (इंग्रजीतला फँटम) डायनाशी रीतसर लग्न केलं, कवटीच्या गुहेत जुळी पोरं नांदली, आणि डायना शेवटपर्यंत धडधाकट! त्यामुळे तुमच्या जाळीवाल्याबद्दल सहानुभूती आहे, पण आदर वेताळालाच. (हलके घ्या.)


सुळकेबाज

धाग्यात भौतिकशास्त्र आलंच आहे तर थोडी आकडेमोड. पडण्याची उंची ९० मीटर धरू, कारण वर्गमूळ सुटसुटीत येतं. हवेचा विरोध सोडून दिला तर खाली वेग सेकंदाला ४२ मीटर, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटर. एवढं पडायला सव्वाचार सेकंद लागतात. आता जाळ्याने तिला अर्ध्या सेकंदात थांबवलं असं समजा. तिच्यावर तिच्या वजनाच्या साडेनऊ पटीहून जास्त ओढ येते. ५० किलोची मुलगी असेल तर पायाला पावणेपाचशे किलो टांगल्यासारखं. आणि धरलंय पायाला! धड थांबलं, डोकं खाली मोकळं. चाबकाचं टोक जसं फटकारतं तसं.

हेच थांबवणं तीन सेकंदांवर पसरलं असतं तर ओढ वजनाच्या अडीच पटीच्या आत राहिली असती, माणूस सहज सोसतो. पण तीन सेकंदांत ६३ मीटर लागतात. म्हणजे ती बरीच वर असतानाच जाळं लागायला हवं, आणि ते रबरासारखं ताणायला हवं.

आम्ही सह्याद्रीत सुळके चढतो तेव्हा पुढे चढणाऱ्याच्या कमरेला डायनॅमिक रोप असतो तो याचसाठी. तो ताणला जातो आणि झटका गिळतो. रॅपलिंगचा, म्हणजे कड्यावरून उतरायचा, न ताणणारा स्टॅटिक रोप लावून कोणी लीड करायला निघाला तर आमच्याकडचे जुने लोक त्याला कड्याखालीच बसवून ठेवतात. पडल्यावर दोर तुटत नाही हो, माणूस तुटतो. स्पायडरमॅनने त्या दिवशी स्टॅटिक रोप टाकला.

मिनेसोटा विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जेम्स काकालिओस यांनी सुपरहिरोंच्या भौतिकशास्त्रावरच्या पुस्तकात (२००५) ग्वेनचंच उदाहरण घेऊन आवेग शिकवलाय. पाठ्यपुस्तकातल्या क्रिकेट बॉलपेक्षा पोरांच्या हे जास्त लक्षात राहत असणार.

आणि गॉब्लिनचं म्हणणं साफ खोटं. पडण्याने कोणी मरत नाही. पॅराशूटवाले रोज याहून कितीतरी जास्त पडतात. मरतात ते थांबण्याने.


हडसनकाठचा

सुळकेबाज, दंडवत! मी न्यू जर्सीत, जॉर्ज वॉशिंग्टन पुलाच्या या टोकाला राहतो, रोज त्यावरून कामाला जातो. अंकात शब्दांत हाच पूल लिहिलाय. पण चित्र बघा. दगडी मनोरे, टोकदार कमानी. तो ब्रुकलिन ब्रिज आहे! आमच्या पुलाचे मनोरे उघड्या पोलादी जाळीचे, त्यात दगड औषधालाही नाही. गिल केनने एक काढला आणि शब्द दुसऱ्याचे पडले. आधी चित्र मग शब्द, या रीतीचा हा तोटा.

तुमच्या ९० मीटरला मात्र यामुळे आधार मिळतो. ब्रुकलिनचे मनोरे पाण्यापासून साधारण ८४ मीटर. आमचे १८० मीटरच्या वर, तिथून पडली असती तर तुमची आकडेमोड अजून भयंकर झाली असती.


माजघर

लेख आवडला, पण राजे, एका ठिकाणी तुम्ही घसरलात. "प्रेयस्या आधीही मरत होत्या" म्हणून तुम्ही पुढे सरकलात. मी तिथेच थांबले.

पुलावर ग्वेनच्या तोंडी एक अक्षर नाही. ती बेशुद्ध. ती तिथे आली कशी, घाबरली का, तिला काय दिसलं, काहीच नाही. पीटरला खोलीवर तिची पर्स सापडते आणि शेजारी गॉब्लिनचा भोपळ्याच्या आकाराचा बाँब. बस. दोन बाप्यांच्या भांडणात एक वस्तू इकडून तिकडे नेली गेली आणि फुटली. तुमचा तो सुंदर 'स्नॅप'सुद्धा पीटरच्या अपराधाबद्दल आहे, तिच्या मानेबद्दल नाही.

आणि मारायचं कारण काय? रोमिटाने सांगितलंय की आधी पीटरच्या मे काकूला मारायचं घाटत होतं. मग त्यानेच सुचवलं की म्हाताऱ्या काकूच्या जाण्याने काय होणार, ग्वेनला घ्या. कॉनवेला मेरी जेन जास्त रंगतदार वाटायची. शिवाय पीटर-ग्वेनचं इतकं जमलं होतं की आता एक तर लग्न नाही तर काडीमोड, आणि दोन्हींमुळे नायक 'मोठा' होतो, खप जातो. मेली की प्रश्न मिटला. आपल्याकडच्या मालिकांत नटीचं जमलं नाही की पात्राला अपघात होतो, तसंच.

पुढे १९९४ मध्ये 'ग्रीन लँटर्न'च्या ५४व्या अंकात नायकाच्या मैत्रिणीला मारून फ्रिजमध्ये कोंबून ठेवलं, त्याला दिसावी म्हणून. १९९९ मध्ये लेखिका गेल सिमोनने अशा मेलेल्या, लुळ्या पडलेल्या, शक्ती गमावलेल्या बायकांची यादीच करून इंटरनेटवर टाकली, नाव दिलं 'फ्रिजमधल्या बायका'. तेव्हापासून या प्रकाराला 'फ्रिजिंग' म्हणतात. त्या सगळ्या फ्रिजांचा कारखाना तुमच्या पुलावर आहे.


पाववाला

माजघर यांना +१०००


रद्दीतला राजा

माजघर ताई, मान्य. बराच वेळ उत्तर लिहीत होतो, तीनदा खोडलं.

एक मात्र सोडवत नाही. ग्रीन लँटर्नच्या गोष्टीत खलनायक मारतो आणि नायक चिडून उठतो. तिथे मरण म्हणजे नुसतं इंधन. इथे चिडून उठायची सोयच लेखकाने ठेवली नाही, कारण दोर नायकाच्या हातात आहे. नकला करणाऱ्यांनी प्रेत घेतलं आणि दोर टाकून दिला. पण मूळ गोष्टीतही ग्वेन बोलत नाही हे तुमचं खरंच आहे, आणि इतक्या वर्षांत ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं हेही.


टोमणे_आणि_सन्स

सगळे एवढे गहिवरलात तर आठवण करून देतो. मेलेली ग्वेन १९७५ मध्येच परत आली होती, क्लोन म्हणून! एका प्राध्यापकाचा तिच्यावर जीव होता, त्याने बनवली. त्यातून पुढे नव्वदच्या दशकात क्लोनांचा जो महापूर आला त्यात कोण खरा पीटर हे कंपनीलाही सांगता येईना. २००४ मध्ये तर ग्वेन आणि नॉर्मन ऑस्बॉर्नची जुळी मुलं काढली. ती गोष्ट पुढे मार्व्हलनेच पुसून टाकली, त्यावरून काय ते समजा. अपराधाचं सोनं कितीदा वितळवायचं याला मर्यादा असते.

आणि स्टॅन ली, स्पायडरमॅनचा जनक. हा गृहस्थ नंतर कॉलेजांत भाषणं देताना सांगायचा की मी गावाला गेलो होतो, माझ्या मागे पोरांनी मारली. कॉनवे आणि रोमिटा म्हणतात, विचारून केलं. कंपनीचा प्रकाशक तोच. साहेब गावाला गेल्यावर फाइलवर सही कशी होते हे सरकारी नोकरीत ज्यांनी काढली त्यांना माझ्याकडून कळायला नको.


बाळबोध

मला हे वाचताना दशरथ आठवला. शब्दवेधी बाणाचं कौशल्य, अंधारात घागर भरल्याचा आवाज, आणि श्रावण. अंगातली विद्याच अंगाशी येते. तिथेही आवाजच.


माजघर

बाळबोध, चांगलं आठवलं. पण दशरथ शिकारीला निघाला होता आणि हा वाचवायला. आणि श्रावण मरताना बोलतो! आईवडिलांना पाणी नेऊन दे म्हणतो. त्याला आपल्या मरणाबद्दल सांगायला जागा दिलीय. वाल्मीकी या बाबतीत कॉनवेच्या पुढे.


मॅटिनी

पडद्यावरच्या ग्वेनबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून.

२००२ च्या पहिल्या चित्रपटात गॉब्लिन पुलावरून मेरी जेन आणि पोरांनी भरलेला रोपवेचा पाळणा एकदम सोडतो, आणि स्पायडरमॅन दोन्ही वाचवतो. कॉमिक माहीत असलेले त्या वेळी खुर्चीच्या कडेला आले असणार, बाकीच्यांना नुसती मारामारी. २०१४ च्या 'अमेझिंग स्पायडर-मॅन २' मध्ये खरंच घडवलं. घड्याळाच्या मनोऱ्यात. एमा स्टोनला कॉमिकमधल्यासारखाच हिरवा कोट आणि जांभळा स्कर्ट. जाळ्याची तार खाली झेपावताना टोकाला हाताच्या बोटांसारखी उमलते. आणि घड्याळाचे काटे थांबतात १ वाजून २१ मिनिटांवर. अंक १२१! हे मला तिसऱ्यांदा बघताना कळलं.

पण खरी गोष्ट डिसेंबर २०२१ ची. 'नो वे होम'. त्यात वेगवेगळ्या चित्रपटांतले स्पायडरमॅन एकत्र येतात. कोविडनंतर थिएटरात बसायची सवय मोडली होती, माझ्या शेजारी एक कॉलेजचा घोळका पॉपकॉर्न उडवत होता. स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यावरून आताच्या पीटरची मैत्रीण एमजे पडते, तिचा स्वतःचा पीटर पोचत नाही, आणि अँड्र्यू गारफिल्ड, म्हणजे २०१४ वाला, ज्याच्या हातून ग्वेन गेली तो, उडी मारतो. सुळकेबाज, लक्ष द्या : तो तिच्यावर वरून जाळं मारत नाही. स्वतः खाली झेपावतो, तिला कवेत घेतो आणि मग उतरतो. तिला विचारतो, बरी आहेस ना? ती मान हलवते. याचं तोंड कोसळतं. मग तीच त्याला विचारते, तू बरा आहेस ना?

तो घोळका गप्प. एक पोरगा हमसून रडत होता. त्याने १९७३ चा अंक पाहिलाही नसेल. पाहायची गरजही नव्हती.


सुळकेबाज

मॅटिनी, बघितलंय. सगळं अंग एकदम धरलं की मानेवर वेगळा ताण येत नाही. दिग्दर्शकाने हिशोब केला असेल नसेल, बसला मात्र बरोबर.


दुपारची झोप

वाचनमात्र होते, आता राहवत नाही म्हणून लिहिते. माजघर यांच्या मुद्द्याला जोडून.

माझी लेक १२ वर्षांची. तिच्यासाठी ग्वेन म्हणजे मेलेली कोणी नाहीच. २०१४ मध्ये जेसन लाटूर आणि रॉबी रॉड्रिगेझ यांनी एका अंकात विचारलं की कोळी पीटरऐवजी ग्वेनला चावला असता तर? पांढऱ्या टोपीची, ड्रम वाजवणारी, आणि तिच्या जगात मेलाय तो पीटर. एका अंकापुरतं काढलेलं पात्र लोकांनी डोक्यावर घेतलं, मग 'स्पायडर-व्हर्स'चे चित्रपट आले. २०२३ च्या दुसऱ्या चित्रपटात ग्वेनपासूनच सुरुवात होते. त्यात मुंबई आणि मॅनहॅटन एकत्र कालवून केलेलं मुंबॅटन आहे, तिथला स्पायडरमॅन पवित्र प्रभाकर आहे. आणि गंमत म्हणजे राजे, तुमच्या ९०व्या अंकातल्या कॅप्टन स्टेसीचं मरण तिथे नियम होऊन बसलंय : प्रत्येक स्पायडरमॅनच्या आयुष्यात जवळचा एक पोलीस कॅप्टन मरायलाच हवा. पवित्रच्या मैत्रिणीचा बाप, इन्स्पेक्टर सिंग, वाचतो म्हणून सगळा गोंधळ होतो.

तो चित्रपट भारतात १० भाषांत आला, त्यात मराठीही होती. म्हणजे पुलावर जी एक अक्षर बोलली नाही ती ५० वर्षांनी चक्क मराठीत बोलली.

काल तुमचा धागा वाचून लेकीला १९७३ चं ते पान दाखवलं. पाय जाळ्यात, केस खाली लोंबलेले. तिने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "पण आई, हिचं स्वतःचं जाळं कुठंय?"


रद्दीतला राजा

लेकीला माझा नमस्कार सांगा. धाग्याच्या शीर्षकापेक्षा तिचा प्रश्न चांगला आहे.

आवाजाचं मात्र राहिलंच. दाराला मराठीत 'खट्' चपखल बसतं. मानेचं अजून कोणी सांगितलं नाही.


तिरफळ

राजे, आमच्या कोकणात शेवग्यावर पोरांना चढू देत नाहीत. आंबा वाकतो, करकरतो, उतरायला वेळ देतो. शेवगा काही सांगत नाही. हिरवीगार फांदी, वर शेंगा लोंबतायत, आणि मधूनच 'काट्'. एकदाच. मोठा आवाज नसतो. अंगणात बसलेल्यांना ऐकूही येत नाही, ज्याच्या पायाखाली असते त्यालाच येतो.


रद्दीतला राजा

'काट्'. घेतला.